कुरवाचं वय ओळखताना आधी पाठ पाहायची की पंख?

निळी_लाट

नमस्कार मंडळी. जानेवारीत कुरवांच्या (म्हणजे सीगलच्या) एका मोठ्या थव्याचे फोटो काढलेत. जात ठरवायला बसले की दर वेळी एकाच ठिकाणी अडकते. पुस्तकात एका जातीची पाच-सहा चित्रं असतात आणि माझा पक्षी त्यातल्या दोन चित्रांच्या मधला कुठला तरी निघतो. म्हणून या वेळी जात बाजूला ठेवून आधी वयच नीट समजून घ्यायचं ठरवलंय. तीन पक्षी निवडलेत, तिघांचे बसलेले आणि उडतानाचे फोटो खाली जोडलेत.

पक्षी १: छोटा कुरव. चोच नारिंगी, टोक काळं. डोळ्यामागे काळसर ठिपका. मिटलेल्या पंखावर तपकिरी तिरका पट्टा, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. पाय फिकट नारिंगी. डोळा काळा.

पक्षी २: खूप मोठा. पाठ स्वच्छ करडी, पण पंख तपकिरी. पोट पांढरं, मानेच्या मागे तपकिरी रेघा. चोच लांब, मूळ फिकट आणि टोक काळं. शेपटी पांढरी, टोकाला रुंद काळी पट्टी.

पक्षी ३: हाही मोठा. पाठ आणि पंख गडद करडे, चोच पिवळी, चोचीच्या टोकाजवळ काळा डाग. डोक्यावर बारीक रेघा. डोळा पिवळसर.

प्रत्येकाचं वय काय असेल, आणि मुख्य म्हणजे ते कशावरून ठरवायचं?

---

कवडी

छान धागा. माझा अगदी प्राथमिक प्रश्न आहे. थव्यात मोठ्या कुरवांशेजारी छोटे कुरव बसलेले असतात, ते पिल्लं नसतात का? आकारावरून वय कळत नाही?

---

पंखवाचक

@कवडी, नाही. कुरवाचं पिल्लू उडायला लागेपर्यंत जवळजवळ आईबापांएवढं झालेलं असतं. थव्यात लहान दिसणारा कुरव एक तर वेगळ्या, छोट्या जातीचा असतो, नाहीतर त्याच जातीची मादी असते. मोठ्या कुरवांमध्ये नर मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो, डोकं आणि चोचही जड असते. पण नर-मादीच्या पिसाऱ्यात काही फरक नसतो. आकारावरून जात आणि लिंग यांचा अंदाज येतो, वयाचा येत नाही.

@निळी_लाट, तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारलाय. कुरवांमध्ये आधी वय आणि मग जात, हाच रस्ता. वय चुकलं की पुढची सगळी तुलना चुकीच्या चित्राशी होते.

पक्षी १ सोपा आहे, पहिला हिवाळा. पंखावरचा तपकिरी तिरका पट्टा आणि शेपटीची काळी पट्टी ही दोन्ही घरट्यात उगवलेली पिसं आहेत, ती अजून बदललेली नाहीत. पाठीवरची करडी पिसं मात्र नवी आहेत. प्रौढ पक्ष्याचा पंख सलग करडा, शेपटी पूर्ण पांढरी आणि चोच-पाय लाल असतात.

जातही सांगून टाकतो. उडतानाच्या फोटोत पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा आहे, बाहेरच्या प्रायमरी (पंखाच्या टोकाकडची दहा लांब पिसं) पांढऱ्या आहेत, त्यांच्या फक्त कडा आणि टोकं काळी. म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव. तपकिरी डोक्याचा असता तर पंखाचं टोक बरंच काळं दिसलं असतं आणि पांढरा भाग त्या काळ्याच्या आत, पंखाच्या मधल्या भागाकडे असता.

२ आणि ३ वर सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

---

दुर्बीण

पक्षी २ दुसरा हिवाळा. मोठे कुरव प्रौढ व्हायला चार वर्षं घेतात. पहिल्या हिवाळ्यात ते सगळे तपकिरी, चोच काळी. दुसऱ्या हिवाळ्यात पाठीवर करडी पिसं येतात आणि चोचीचं मूळ फिकट होतं. या पक्ष्यात दोन्ही आहे. जात बहुधा ह्युग्लिनचा कुरव. ३ तिसरा हिवाळा.

---

कवडी

चार वर्षं म्हणजे सगळ्याच कुरवांना चार वर्षं लागतात का?

---

दुर्बीण

नाही. ढोबळ हिशेब असा: छोटे कुरव (काळ्या डोक्याचा, तपकिरी डोक्याचा) दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत प्रौढ दिसू लागतात. मध्यम आकाराचे, उदाहरणार्थ कॉमन गल, तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत. हेरिंग गल, लेसर ब्लॅक-बॅक्ड गल, ह्युग्लिनचा असे मोठे कुरव चौथ्या हिवाळ्यापर्यंत. जितका मोठा पक्षी तितका जास्त वेळ. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरे.

---

पंखवाचक

दुर्बीण यांनी हिशेब बरोबर मांडलाय. पण पक्षी २ बद्दल माझं मत वेगळं आहे. हा पहिल्या हिवाळ्यातला पल्लासचा कुरव आहे. कारण नीट सांगतो, कारण या एका पक्ष्यात वय ओळखण्याची जवळजवळ सगळी पद्धत येते.

कुरवाचं पिल्लू घरट्यात असताना त्याची सगळी पिसं एकाच वेळी, काही आठवड्यांत उगवतात. एवढा मोठा पिसारा एकदम घडवायचा म्हटल्यावर प्रत्येक पिसाच्या वाट्याला माल कमी येतो. म्हणून ही पहिली पिसं नंतरच्या पिसांपेक्षा कच्ची असतात, लवकर झिजतात आणि लवकर विटतात. सगळी एकाच वेळची असल्यामुळे नुकतं उडू लागलेलं पिल्लू अगदी एकसारखं, नेटकं दिसतं. पाठीवरच्या प्रत्येक तपकिरी पिसाला फिकट किनार असते, त्यामुळे पाठ माशाच्या खवल्यांसारखी दिसते.

पुढे काही महिन्यांत डोक्याची, अंगाची आणि पाठीची पिसं बदलतात. पण बहुतेक कुरव पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं त्या वेळी बदलत नाहीत. ती जवळजवळ वर्षभर तशीच राहतात. म्हणजे पहिल्या हिवाळ्यातल्या कुरवाच्या अंगावर दोन वेळची पिसं असतात: पाठीवर नवी, पंखात जुनी. दुसऱ्या हिवाळ्यातल्या पक्ष्याची पंखाची पिसंही एकदा बदलून झालेली असतात.

म्हणून पाठ किती करडी झाली हे मी शेवटी पाहतो. पाठ सगळ्यात आधी बदलते आणि ती किती लवकर बदलेल हे जातीवर अवलंबून असतं. वय पंखात लिहिलेलं असतं.

आता पक्षी २ चा उडतानाचा फोटो पाहा:

प्रायमरी दहाच्या दहा एकाच वेळच्या दिसतात, सगळ्या सारख्याच विटलेल्या. टोकं अरुंद आणि अणकुचीदार आहेत. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे एकदा बदलून आलेल्या प्रायमरी रुंद आणि टोकाला गोलसर असतात. बाहेरच्या दोन प्रायमरींवर मिरर नाही, म्हणजे टोकाजवळच्या काळ्यात जो पांढरा ठिपका असतो तो नाही. मिटलेल्या पंखाची छोटी आवरणपिसं (लांब पिसांची मुळं झाकणारी पिसं) तपकिरी, मधोमध गडद आणि कडेला फिकट, म्हणजे घरट्यातलीच. शेपटीची पट्टी रुंद, सलग आणि तिची आतली कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे.

बाकी सगळं जातीकडे बोट दाखवतं. पल्लासच्या कुरवाची पाठ पहिल्याच हिवाळ्यात स्वच्छ करडी होते, पोट लवकर पांढरं होतं, चोच लांब असून मूळ फिकट आणि टोक काळं, कपाळ लांब उतरतं, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. इतर मोठ्या कुरवांच्या मोजमापाने तो वर्षभर पुढे दिसतो. म्हणूनच तो इतक्या वेळा दुसऱ्या हिवाळ्यातला समजला जातो.

---

दुर्बीण

मुद्देसूद आहे, पण तीन शंका.

एक, अणकुचीदार टोकं झिजेमुळेही दिसतात. जानेवारीपर्यंत पिसं सात-आठ महिन्यांची झालेली असतात. दोन, काळा डोळा पुरावा होत नाही, दुसऱ्या हिवाळ्यातल्या कित्येक मोठ्या कुरवांचे डोळे गडदच असतात. तीन, दुसऱ्या हिवाळ्यातल्या ह्युग्लिनची शेपटीही बुडाशी पांढरी आणि टोकाला काळी असते.

---

पंखवाचक

तिन्ही शंका रास्त आहेत. डोळ्याचा मुद्दा मी घेतलेलाच नाही, त्याच कारणासाठी. डोळा फिका होण्याचा वेग पक्ष्यागणिक बदलतो. कॅस्पियन गलसारख्या जातीत तर बरेचसे प्रौढही गडद डोळ्यांचे असतात.

टोकाचा आकार एकट्याने कमकुवत पुरावा आहे, मान्य. म्हणून मी आतल्या आणि बाहेरच्या प्रायमरी एकमेकींशी ताडून पाहतो. दुसऱ्या वर्षातल्या पक्ष्याच्या आतल्या प्रायमरी स्पष्ट फिकट, करड्याकडे झुकलेल्या आणि गोल टोकाच्या असतात. इथे तसा बदल नाही.

शेपटीसाठी आतली कड पाहा. दुसऱ्या हिवाळ्यातल्या ह्युग्लिनमध्ये काळं आणि पांढरं एकमेकांत मिसळतं, कडेवर ठिपके आणि बारीक नक्षी असते. पल्लासची पट्टी स्वच्छ असते.

आणि एक जागा राहिली: मोठी आवरणपिसं, म्हणजे मिटलेल्या पंखाच्या खालच्या भागातली लांब पिसांची ओळ. दुसऱ्या पिढीच्या मोठ्या कुरवात या पिसांवर बारीक, अनियमित ठिपक्यांची नक्षी असते, मिरपूड भुरभुरल्यासारखी. पल्लासच्या पहिल्या हिवाळ्यात ही ओळ साधी, फिकट करडी दिसते आणि उडताना पंखाच्या मधे एक फिकट पट्टा तयार होतो.

@निळी_लाट, बसलेल्या फोटोतला पंखाचा भाग मोठा करून टाकता येईल का?

---

निळी_लाट

टाकला आहे. मला दिसतंय ते लिहिते. लांब पिसांच्या ओळीवर नक्षी नाही, एकसारखी फिकट करडी-तपकिरी आहे. तिच्या वरची छोटी पिसं तपकिरी, कडा पांढरट आणि थोड्या खाल्लेल्या. पाठीची करडी पिसं त्या तपकिरी पिसांवर येऊन थांबतात आणि दोन्हींच्या मधली रेघ एकदम स्पष्ट आहे. पांढऱ्या कडा खाल्ल्यासारख्या का दिसतात पण?

---

दुर्बीण

मोठा केलेला फोटो पाहिला. ही ओळ दुसऱ्या हिवाळ्यातल्या ह्युग्लिनची नाही. पल्लास, पहिला हिवाळा, मलाही पटलं.

खाल्लेल्या कडांचं: पिसातलं काळं-तपकिरी रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन पिसाला बळकटी देतं. पांढऱ्या भागात ते नसतं, त्यामुळे तो भाग आधी झिजतो. गडद-फिकट किनारीच्या पिसात फिकट किनार पहिल्यांदा जाते. बहुतेक कुरवांच्या पंखांची टोकं काळी असतात, त्यामागेही हे एक कारण मानतात. टोकालाच सगळ्यात जास्त झीज सोसावी लागते.

---

पंखवाचक

आणि म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडावर वय ओळखणं सगळ्यात कठीण जातं. पहिल्या वर्षातल्या पक्ष्याची घरट्यातली पिसं तोवर उन्हाने आणि वाऱ्याने इतकी विटतात की तपकिरी पंख मळकट पांढरा दिसू लागतो. अशा पक्ष्याला लोक दुर्मीळ पांढऱ्या पंखांच्या जातीचा समजतात. प्रौढातही प्रायमरींच्या टोकांचे पांढरे ठिपके झिजून नाहीसे होतात आणि पंखाचं टोक सलग काळं दिसतं.

---

टिटवी_ती_टिटवी

मी पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याच्या कामात मदत करते, म्हणून नावांबद्दल लिहिते. "पहिला हिवाळा" म्हणणं बोलायला सोयीचं आहे, पण नोंद ठेवताना त्यातून गोंधळ होतो.

एक पद्धत कॅलेंडर वर्षाची. पक्षी ज्या वर्षी जन्मला ते त्याचं पहिलं कॅलेंडर वर्ष. जूनमध्ये जन्मलेला कुरव ३१ डिसेंबरला पहिल्या वर्षात असतो आणि १ जानेवारीला दुसऱ्या, पिसं तीच. म्हणजे निळी_लाट यांचा जानेवारीतला पल्लास हा दुसऱ्या कॅलेंडर वर्षातला, पण पहिल्या हिवाळ्यातला. दोन्ही बरोबर. नुसतं "दुसरं वर्ष" लिहिलं तर वाचणाऱ्याला काय समजायचं?

दुसरी पद्धत पिसाऱ्याच्या चक्राची. हम्फ्री आणि पार्क्स यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या विचारावर ती उभी आहे. पंखाची पिसं बदलायला सुरुवात झाली की नवं चक्र सुरू. जन्मापासून पहिल्यांदा प्रायमरी गळायला लागेपर्यंत पहिलं चक्र. यात ऋतूही येत नाही आणि तारीखही येत नाही. दक्षिण गोलार्धात, जिथे कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालतात, तिथेही ती चालते.

मला स्वतःला चक्राची पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण आपण जे डोळ्यांनी पाहतो तेच ती नोंदवते.

---

दुर्बीण

चक्र अभ्यासाला उत्तम, पण नव्या माणसाला "पहिला हिवाळा" लगेच कळतं. पुस्तकांतल्या चित्रांखालीही बहुधा तेच असतं. नोंदीत महिना लिहिला की गोंधळ राहत नाही.

---

टिटवी_ती_टिटवी

महिना लिहिणं हवंच, त्यावर वाद नाही. पण "पहिला उन्हाळा" ची गंमत बघा. मे महिन्यातल्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या कुरवाच्या आतल्या प्रायमरी बऱ्याचदा गळायला लागलेल्या असतात. नाव पहिल्या उन्हाळ्याचं, पंख दुसऱ्या चक्रात शिरलेला. प्रायमरी आतून बाहेर क्रमाने बदलतात, पहिली गळते ती सगळ्यात आतली आणि दहावी सगळ्यात शेवटी. मोठ्या कुरवांना हे पूर्ण करायला साधारण सहा महिने लागतात. घरटं करत नसल्यामुळे लहान वयाचे पक्षी प्रौढांच्या आधी सुरुवात करतात. म्हणून उडत्या पक्ष्याच्या पंखात खाच दिसली तर ती कितव्या पिसापाशी आहे ते आणि महिना लिहून ठेवा. त्यावरून वयाचा आणि कधीकधी जातीचाही अंदाज येतो.

---

कवडी

सगळ्या जाती याच क्रमाने आणि याच वेळी बदलतात?

---

टिटवी_ती_टिटवी

आतून बाहेर हा क्रम सारखा, वेळ नाही. फ्रँकलिन्स गल वर्षातून दोनदा सगळी पिसं बदलतो, कुरवांमध्ये असा तो एकटाच. सॅबाइन्स गलचं पिल्लू हिवाळी मुक्कामावर पोचेपर्यंत घरट्यातलाच पिसारा वागवतं. आणि लेसर ब्लॅक-बॅक्डची बाल्टिक समुद्राकडची उपजात आहे, तिचे बरेच पक्षी पहिल्या हिवाळ्यातच आफ्रिकेत प्रायमरी बदलायला घेतात. परत येताना त्यांचा पंख वयाच्या मानाने नवा दिसतो. "पंख आधी पाहा" हा नियम त्यांच्याबाबतीत जपून वापरायचा.

---

पंखवाचक

बाल्टिकचं उदाहरण दिलंत ते फार बरं झालं. नियम लावण्याआधी ती जात कधी पिसं बदलते हे माहीत हवं.

आता पक्षी ३. जात ह्युग्लिनचा. वयाबाबत मी "तिसरा हिवाळा किंवा पुढचा" एवढंच लिहीन.

चोचीवरच्या काळ्या डागावरून तिसरा हिवाळा ठरवता येत नाही. हिवाळ्यात कित्येक प्रौढांच्या चोचीवरही लाल ठिपक्याजवळ काळी खूण येते आणि वसंतात जाते. डोक्यावरच्या रेघाही हिवाळ्याच्या आहेत, वयाच्या नाहीत.

मी इथे तीन जागा पाहतो. प्रायमरींच्या मुळावरची आवरणपिसं: त्यांच्यावर काळसर रेघा असतील तर पक्षी अजून पूर्ण प्रौढ नाही. शेपटी: एखाद्या पिसावर काळी खूण राहिली आहे का. आणि मिरर: तिसऱ्या हिवाळ्यात तो बहुधा फक्त दहाव्या प्रायमरीवर आणि छोटा असतो. तुमच्या फोटोत शेपटी स्वच्छ आहे, आवरणपिसांवर दोन-तीन ठिकाणी काळं दिसतं. पण दहावी प्रायमरी अजून पूर्ण वाढलेलीच नाही, ती नवव्या पिसाखाली लपली आहे. ह्युग्लिन पिसं उशिरा बदलतो, प्रौढांचं बदलणं जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतं. मिरर दिसतच नाही, तर त्याबद्दल बोलायचं कसं?

कडी घातलेल्या, जन्मवर्ष ठाऊक असलेल्या मोठ्या कुरवांमध्ये दिसून आलंय की तिसऱ्या वर्षाचा पुढारलेला पक्षी आणि चौथ्या वर्षाचा मागे राहिलेला पक्षी अगदी सारखे दिसू शकतात. अशा वेळी "तिसऱ्या हिवाळ्यासारखा" असं लिहिणं हेच अचूक.

---

रानवारा

मी फोटोग्राफीच्या बाजूने लिहितो. वय ओळखायचं तर सुंदर फोटोपेक्षा पंख पसरलेले फोटो हवेत. कुरव उठताना, बसताना आणि अंग झाडताना पंख पूर्ण उघडतो, त्या वेळी सलग फोटो घ्या. दहातला एक तरी कामाचा निघतो. वरून, खालून आणि शेपटी पसरलेली, अशा तीन बाजू मिळाल्या तर उत्तम.

एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. पांढरा पक्षी, वर ऊन, खाली चमकतं पाणी. कॅमेऱ्यात पांढरं फुटतं आणि त्याच्याबरोबर प्रायमरींच्या टोकांचे ठिपके, फिकट किनारी, शेपटीवरच्या खुणा सगळं जातं. ढगाळ हवेतले फोटो दिसायला साधे वाटतात पण पिसं वाचायला सगळ्यात चांगले. संध्याकाळच्या उन्हात पाठीची करडी छटा कधीच ठरवू नका, तोच पक्षी सकाळी दोन छटा फिका दिसेल.

आणि त्याच चौकटीत शेजारचा दुसरा कुरव येऊ द्या. छटा आणि आकार दोन्ही ताडून बघायला तो उपयोगी पडतो.

---

कवडी

पायांच्या रंगाचं कुणी काही बोललं नाही. ह्युग्लिनचे पाय पिवळे असतात ना?

---

दुर्बीण

प्रौढाचे. पहिल्या-दुसऱ्या वर्षात जवळजवळ सगळ्याच मोठ्या कुरवांचे पाय गुलाबट असतात, पिवळ्या पायांच्या जातींचेसुद्धा. पिवळेपणा हळूहळू येतो. म्हणून तपकिरी पक्ष्याचे गुलाबी पाय पाहून गुलाबी पायांच्या जातीकडे धावायचं नाही.

चोचीचा लाल ठिपकाही असाच उशिरा येतो. त्याचं काम प्रौढपणीच असतं. पिल्लू त्या ठिपक्यावर टोचतं आणि मग आई किंवा बाप खाणं बाहेर काढून देतो. निको टिनबर्गन यांनी हेरिंग गलच्या पिल्लांसमोर पुठ्ठ्याच्या चोची धरून हे तपासलं होतं. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल त्यांना लॉरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळालं.

---

निळी_लाट

खूप शिकायला मिळतंय. एक विचारते. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं झालं की तो प्रौढ, असं म्हणता येईल का?

---

पंखवाचक

नाही. काळं डोकं म्हणजे प्रजननाचा हंगाम. ते वयाची खूण नाही. एक वर्षाच्या पक्ष्यांनाही वसंतात टोपी येते, बहुधा पांढरे ठिपके राहिलेली, पण काहींना जवळजवळ पूर्ण. उलट प्रौढाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त ठिपका. काही प्रौढ जानेवारीतच टोपी चढवू लागतात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये काळं डोकं दिसलं की पुन्हा पंखाकडे या: तपकिरी तिरका पट्टा आहे का, शेपटीला काळी पट्टी आहे का. त्या असतील तर टोपी कितीही काळी असो, तो गेल्या वर्षीचा पक्षी.

---

कवडी

आणि प्रौढ झाल्यानंतर? पाच वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा यांत काही फरक दिसतो?

---

टिटवी_ती_टिटवी

पिसाऱ्यात नाही. एकदा प्रौढ पिसारा आला की दर वर्षी तोच पुन्हा येतो. पुढचं वय सांगते ती फक्त पायातली कडी. कड्यांमुळेच कळलं की काळ्या डोक्याचा कुरव आणि हेरिंग गल ३० वर्षांहून जास्त जगू शकतात. म्हणून पायात कडी दिसली तर पाय नक्की टिपा. रंगीत कडी असेल तर रंग, कुठल्या पायात आहे ते, आणि अक्षरं-आकडे कुठल्या दिशेने वाचले ते लिहा. अर्धवट वाचलेली कडीही अर्धवट म्हणून कळवा, अंदाजाने अक्षर भरू नका.

---

निळी_लाट

त्याच थव्यातला चौथा पक्षी टाकतेय. या वेळी मी आधी स्वतः लिहिते, तुम्ही तपासा.

छोटा, पण काळ्या डोक्याच्या कुरवापेक्षा जरा जाड, चोचही जाड. शेपटीला अरुंद काळी पट्टी आहे. पंखाच्या आवरणपिसांत तपकिरी आहे, पाठ करडी. दोन वेळची पिसं, म्हणून पहिला हिवाळा. पंखाचं टोक बरंचसं काळं, मिरर नाहीत, पांढरा भाग त्या काळ्याच्या आत, प्रायमरींच्या मुळाकडे. म्हणून तपकिरी डोक्याचा कुरव. डोळा गडद दिसतो. पुस्तकात फिकट डोळा लिहिलाय, पण तो प्रौढाचा असावा.

---

दुर्बीण

वय आणि जात, दोन्हींना माझी सहमती. चोचीच्या जाडीचा मुद्दाही चांगला टिपलात.

---

पंखवाचक

बरोबर. डोळ्याचंही बरोबर, तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका होतो तो प्रौढपणी. एक भर घालतो: प्रौढाचे मिरर बसलेल्या पक्ष्यातही पाहता येतात. पंख मिटलेले असले तरी पलीकडच्या पंखाच्या टोकाची खालची बाजू बऱ्याचदा दिसते, तिथे काळ्यात पांढरा ठिपका आहे का बघा. तुमच्या बसलेल्या फोटोत तो भाग स्पष्ट आहे आणि ठिपका नाही, म्हणजे उडतानाच्या फोटोशी जुळतं.

जमलं तर मार्चअखेर याच थव्याचे फोटो पुन्हा टाका. तोवर पक्षी १ सारख्यांच्या डोक्यावर टोपी येऊ लागेल आणि तपकिरी पट्टा विटून फिकट पिवळसर झालेला असेल. एकाच वयाचे जानेवारीतले आणि मार्चमधले पक्षी शेजारी ठेवून बघता येतील. आणि तेव्हा ह्युग्लिन असतील तर दहावी प्रायमरी वाढलेली असेल, त्यांच्या पंखाच्या टोकांचे फोटो नक्की घ्या.

---

निळी_लाट

घेते. पक्षी ३ ची नोंद "ह्युग्लिनचा कुरव, तिसऱ्या हिवाळ्यासारखा, दहावी प्रायमरी वाढते आहे, जानेवारी" अशी बदलली आहे.